लेंकरांचा वाटा
(मंडळ्यांतील अभ्यासवर्गासाठीं पाठ)



ह्या आठवड्याच्या पाठासाठीं आम्ही अगदीं घरगुती विषय घेतला आहे. तो म्हणजे लहान मुलांचें ताट. उपदेशकांनीं हा पाठ संध्याकाळच्या सभेंत सावकाश वाचावा, आणि आयाबायांस मध्येंच बोलूं द्यावें. ह्या विषयांत त्यांचा अनुभव आमच्यापेक्षां मोठा आहे.

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यांत, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या बाजूस, धावडा नांवाचें गांव आहे. ह्या भागांत कापूस, मका, सोयाबीन आणि मिरची हीं पिकें फार. हिरव्या मिरचीचा व्यापार तर ह्या तालुक्यांत इतका मोठा, कीं हंगामांत पोतीं भरभरून मिरची दूरच्या शहरांकडे रवाना होते. अशा दिवसांत मिरची तोडणाऱ्या एखाद्या मजुराच्या घरीं डोकावून पाहावें. आई अंधारांत उठून, भाकरी थापून, शेतावर गेलेली असते. दीड वर्षाचें लेंकरूं थोरल्या बहिणीच्या कडेवर असतें. त्याच्या हातीं कोरड्या भाकरीचा तुकडा असतो, नाहीं तर चहांत बुडविलेलें बिस्किट. दुपारीं बहीण चटणी लावून आणखी एक तुकडा देते; तो तिखट लागतो म्हणून लेंकरूं अर्धा टाकून देतें आणि वर पाणी पितें. दिवेलागणीस आई परत येते, पण चुलीवरचें कालवण शिजेपर्यंत तें झोपीं गेलेलें असतें. गांवची मिरची शहरांत पोंचली. गांवच्या लेंकराच्या पोटांत मात्र डाळीचा एक घांस गेला नाहीं.

अशा घरचे आईबाप निष्काळजी आहेत असें कोणी म्हणूं नये. आजची मजुरी बुडाली तर उद्यांची भाकरी बुडते, हें त्यांस ठाऊक असतें. ही गोष्ट एकट्या धावड्याचीही नव्हे. २०१९ ते २०२१ ह्या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत असें आढळलें, कीं महाराष्ट्रांतील पांच वर्षांखालील दर शंभर मुलांपैकीं सुमारें ३५ मुलें वयाच्या मानानें खुजीं होतीं, आणि ३६ मुलें वयाच्या मानानें वजनांत कमी होतीं. त्यापूर्वींच्या, २०१५-१६ सालच्या पाहणींतही हे आंकडे जवळजवळ हेच होते. एवढ्या काळांत रस्ते झाले, घरोघर दूरध्वनि आले. परंतु लेंकरांचे दंड भरले नाहींत.

असें कां व्हावें? आमच्या मतें ह्याचें उत्तर हें आहे: गांवांत अन्न मुळींच नसतें म्हणून मूल वाळतें असें थोडें, शेतांत, घरच्या भांड्यांत आणि सरकारी आहारांत मुलाचा जो वाटा आहे तो कोणी राखून ठेवीत नाहीं, म्हणून तें वाळतें असें फार. तो वाटा कसा राखावा, हाच आजचा पाठ.

१. मूल लहान, पण गरज मोठी

जन्मलेलें बाळ सुमारें पांच महिन्यांत आपलें वजन दुप्पट करितें, आणि वर्षाचें होतां होतां तिप्पट. पुढें आयुष्यांत कधीं माणूस इतक्या वेगानें वाढत नाहीं. म्हणून गर्भ राहिल्यापासून मूल दोन वर्षांचें होईपर्यंतचे सुमारें एक हजार दिवस हे त्याच्या वाढीचे खरे पेरणीचे दिवस होत. पेरणी चुकली तर पुढें कितीही पाणी दिलें तरी पीक पुरतें भरत नाहीं. तसेंच ह्या काळांत खुंटलेली उंची पुढें भरून काढणें फार कठीण जातें. हें ओळखूनच महाराष्ट्र सरकारनें २००५ सालीं औरंगाबाद येथें, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरांत, राजमाता जिजाऊ मिशन स्थापून ह्या हजार दिवसांवर लक्ष धरिलें.

पहिले सहा महिने बाळास केवळ आईचें दूध पुरे. पाणी, मध किंवा घुटी कांहीं नको. परंतु सहा महिने भरतांच दूध एकटें पुरत नाहीं. येथेंच आमच्या घरांत दोन चुका होतात. एक, दांत येईपर्यंत कांहीं भरवीत नाहींत. दुसरी, डाळीचें वरचें पाणी व भाताची पेज देऊन समाधान मानितात. बाळाचें पोट त्याच्या मुठीएवढें. तें पाण्यानें भरलें तर अन्नास जागा कोठून राहणार? म्हणून त्याचें अन्न इतकें दाट असावें, कीं चमचा तिरपा केला असतां तें ओघळूं नये. सहा ते आठ महिन्यांच्या बाळास असें अन्न दिवसांतून दोनतीन वेळां, आणि त्यापुढें दोन वर्षांपर्यंत तीनचार वेळां द्यावें. मध्यंतरीं एखादें फळ अथवा खाऊ द्यावा. आईचें दूध दोन वर्षांपर्यंत चालूं ठेवावें.

२. शेतांतील वाटा

आमच्या वडिलांच्या वेळचें ज्वारीचें शेत आठवावें. त्यांत एकटी ज्वारी नसे. तुरीच्या ओळी असत, मूग, मटकी व हुलगा असे. बांधाला अंबाडी, भेंडी, तीळ आणि वेलावर वाळकें. घरधनीण शेतावरून परत येतांना ओच्यांत भाजी घेऊनच येई. आतां बहुतेक शेतांत एकच पीक, आणि तेंही विकण्याचें. पैसा येतो हें खरें, आणि पैशाची गरज कोणास नाहीं? परंतु बाजारांतून येणाऱ्या पैशाला बी-खतांचें देणें, दवाखाना व लग्नकार्य असे अनेक मागणारे असतात. त्यांत लेंकराचा क्रम शेवटीं लागतो. दारांतल्या शेंगेला मात्र दुसरा कोणी सावकार नसतो.

ह्या मराठवाड्यांतच शेतकरी बायांनीं ह्यावर एक उपाय करून दाखविला आहे. १९९३ सालच्या किल्लारीच्या भूकंपानंतर त्या भागांत स्वयं शिक्षण प्रयोग ह्या संस्थेचें काम वाढलें. प्रेमा गोपालन् ह्या तिच्या संस्थापिका. उस्मानाबाद (आतां धाराशिव) व लातूर जिल्ह्यांतील बायांनीं ह्या संस्थेच्या साहाय्यानें आपल्या घरच्यांकडून अर्धा ते एक एकर जमीन मागून घेतली, आणि तेवढ्या तुकड्यांत धान्य, डाळी व भाजीपाला मिळून अनेक पिकें एकत्र घेतलीं. नियम साधा: आधीं घरच्यांनीं खावें, उरलें तर विकावें. ह्या कामास २०१६ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचें इक्वेटर पारितोषिक मिळालें. आम्हांस पारितोषिकापेक्षां त्या मागण्याचें मोल अधिक वाटतें. पांच एकरांच्या धन्यानें अर्धा एकर लेंकरांच्या नांवें सोडला, तर त्याचें नगदी पीक बुडत नाहीं. शेताच्या कडेचें पीक गरिबासाठीं राखावें, हा शास्त्रांतील जुना नियम आपण रूथच्या गोष्टींत शिकलोंच आहों. येथें तर तो गरीब आपलेंच मूल आहे.

जालन्याच्या ख्रिस्ती लोकांस जमिनीचें हें महत्त्व नवें नाहीं. रे. नारायण शेषाद्री यांनीं एकोणिसाव्या शतकांत, निजामाच्या राज्यांत जमीन मिळवून जालन्याजवळ बेथेल हें गांव वसविलें. नव्यानें विश्वासांत आलेल्या कुटुंबांस केवळ उपासनेची जागा देऊन भागत नाहीं, त्यांस पोट भरण्याचें साधनही पाहिजे, हें त्यांनीं ओळखिलें होतें.

पण ज्यांस जमीनच नाहीं त्यांनीं काय करावें? आमच्या मंडळ्यांत अशींच घरें अधिक, म्हणून हा प्रश्न आम्ही टाळीत नाहीं. मोरीच्या पाण्यावर एक शेवगा व दोन पपया सहज जगतात. शेवगा नुसत्या फांदीनें लागतो, आणि त्याचा पाला शेंगेहूनही गुणकारी आहे. त्यांत लोह, चुना व डोळ्यांस हितकर असें जीवनसत्त्व भरपूर असतें. छपरावर भोपळ्याचा वेल चढवावा. चार गांवठी कोंबड्या पाळाव्या, आणि अंडीं विकण्यापूर्वीं लेंकराचें अंडें बाजूस काढावें. पावसाळ्यांत तांदुळजा, घोळ, पाथरी, कुरडू ह्या भाज्या फुकट उगवतात. मात्र ज्या शेतांत तणनाशक अथवा कीटकनाशक फवारलें असेल तेथील भाजी कधींही खुडूं नये.

३. भांड्यांतील वाटा

पुष्कळ घरीं आधीं पुरुष जेवतात, मग मुलें, आणि सर्वांच्या मागून सून. कालवण पुरुषांच्या ताटांतच घट्ट असतें. पुढें पाणी घालून वाढवीत नेतात. गरोदर सुनेच्या वांट्यास भांड्याची खरवड येते, आणि तिच्या पोटांतल्या बाळाच्या वांट्यास तीही पुरी येत नाहीं. ही रीत मोडण्यास पैसा लागत नाहीं. भांडें उतरवितांच लहान मुलाचा व गरोदर बाईचा वाटा काढून झांकून ठेवावा. मग बाकीच्यांनीं खुशाल जेवावें. सासूबाईंनीं मनांत आणिलें तर ही गोष्ट उद्यांपासून सुरूं होईल.

काय वाढावें, हें थोडक्यांत सांगतों. ज्वारी-बाजरीच्या प्रथिनांत जो अंश कमी पडतो तो डाळींत असतो, आणि डाळींत जो कमी तो धान्यांत. म्हणून दोन्हीं एकत्र खाल्लीं असतां शरीर अधिक चांगलें भरतें. दाट वरणांत भाकरी कुस्करून, वर चमचाभर तेल घालून भरविली, तर ते लहान मुलाचें उत्तम जेवण होय. शेंगदाण्यांत शंभर ग्रॅमांमागें सुमारें २५ ग्रॅम प्रथिनें असतात. परंतु अगदीं लहान मुलांस अख्खे दाणे देऊं नयेत, ते घशांत अडकतात. कूट करून गुळाबरोबर द्यावें. पालेभाजीवर लिंबू पिळावें, म्हणजे तींतील लोह अंगीं लागतें. उलट जेवणाबरोबर चहा दिला तर तें लोह वायां जातें. शिवाय चहानें भूक मरते. लहान मुलास चहा देऊंच नये.

रंगीत पाकिटांतील खारट खाऊविषयीं एक शब्द. रडणाऱ्या मुलाच्या हातीं पांचदहा रुपयांचें पाकीट देणें सोपें असतें, हें आम्ही जाणतों. परंतु त्यांत मीठ, तेल व पीठ यांखेरीज फारसें कांहीं नसतें. तेवढ्याच पैशांत मूठभर फुटाणे व शेंगदाणे येतात. आई शेतावर जातांना भाजक्या ज्वारीचें व मुगाचें पीठ, दाण्याचें कूट आणि गूळ असें मिश्रण डब्यांत भरून ठेवील, तर थोरल्या बहिणीस तें उकळून निवविलेल्या पाण्यांत कालवून भरविण्यास वेळ लागणार नाहीं. भरविण्यापूर्वीं तिनें साबणानें हात धुवावे. हगवण लागली असतां अन्न तोडूं नये. थोडें थोडें चालूं ठेवावें, आणि आरोग्य केंद्रांतून क्षारसंजीवनीची पुडी व जस्ताच्या गोळ्या आणाव्या.

४. कायद्यानें ठरलेला वाटा

कांहीं लोक अंगणवाडीच्या आहारास भीक समजून लाजतात. हा गैरसमज आहे. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजीं देशांत सुरूं झाली. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानें सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांचा, गरोदर व स्तनदा मातांचा आहार हा हक्क ठरला. तीन वर्षांखालील मुलांसाठीं जो आहार घरीं मिळतो, तो घरांतील सर्वांनीं वाटून खाल्ला तर मुलाच्या वांट्यास कांहींच उरत नाहीं. तें पाकीट मुलाचें आहे, असें त्यावर खुशाल नांव घालून ठेवावें. ऊसतोडणीस अथवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांनीं निघण्यापूर्वीं अंगणवाडी सेविकेस सांगावें, आणि जेथें मुक्काम पडेल तेथील अंगणवाडींत मुलाचें नांव घालावें.

शाळेच्या जेवणाचा इतिहासही जाणण्याजोगा आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं ही योजना निघाली, तेव्हां पुष्कळ प्रांतांत मुलांस कोरडें धान्य मिळे. २८ नोव्हेंबर २००१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें आज्ञा केली, कीं मुलांस शिजविलेलेंच अन्न द्यावें. आज प्राथमिक वर्गांतील प्रत्येक मुलामागें दररोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी व ५ ग्रॅम तेल, आणि सहावी ते आठवीच्या मुलामागें १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी व साडेसात ग्रॅम तेल, असें प्रमाण ठरलेलें आहे. शाळेंत शंभर मुलें बसत असतील, तर दोन किलो डाळ व पांच किलो भाजी शिजली पाहिजे; हा हिशेब कोणाही पालकास करतां येतो. तो भांडण्यासाठीं करूं नये, शाळा व्यवस्थापन समितींत बसून नम्रपणें विचारण्यासाठीं करावा.

त्याच न्यायालयानें एप्रिल २००४ मध्यें सांगितलें, कीं स्वयंपाकी नेमतांना दलित व आदिवासी यांस प्रथम स्थान द्यावें. ज्यांच्या आजोबांस गांवच्या पाणवठ्यावर उभें राहूं दिलें नाहीं, त्यांच्या सुनेनें शिजविलेलें अन्न सर्व गांवचीं मुलें एका पंगतींत खातील, ही गोष्ट लहान नव्हे. कोणत्याही शाळेंत पंगतींत भेद होत असेल तर मंडळीनें गप्प राहूं नये.

अंड्याची हकीकत ताजी आहे. नोव्हेंबर २०२३ मध्यें महाराष्ट्र सरकारनें शाळेच्या जेवणांत आठवड्यांतून एकदां अंडें देण्याचें ठरविलें. जीं मुलें अंडें खात नाहींत त्यांस केळें अथवा दुसरें फळ. जानेवारी २०२५ मध्यें अंड्यासाठीं निराळा पैसा देणें बंद झालें, आणि लोकांच्या मदतीनें देतां आल्यास द्यावें असें ठरलें. म्हणजे जेथें गांव श्रीमंत व जागें आहे तेथें अंडें मिळणार, आणि जेथें मुलांस त्याची गरज सर्वांत अधिक तेथें तें जाणार. आम्हांस हें योग्य वाटत नाहीं. सरकारकडे मागणी चालूं ठेवावी; परंतु ती मान्य होईपर्यंत मुलांनीं वाट पाहावी काय?

रेशनावर लाभार्थी कुटुंबांत दरमहा माणशीं ५ किलो धान्य मिळतें, आणि जानेवारी २०२३ पासून तें विनामूल्य आहे. त्यानें भुकेची धार बोथट झाली, हें कृतज्ञतेनें सांगावें. परंतु गहूतांदळांनीं पोट भरतें, अंग भरत नाहीं. त्यांतून जो पैसा वांचतो तो डाळीकडे जातो कीं तंबाखूकडे, हें प्रत्येकानें आपल्या घरीं पाहावें.

५. जामखेडचा धडा

डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हें ख्रिस्ती दांपत्य वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकलेलें. त्यांनीं १९७० सालीं अहमदनगर (आतां अहिल्यानगर) जिल्ह्यांतील जामखेड येथें काम मांडिलें. लवकरच १९७२ चा दुष्काळ आला. लोकांस औषधांपूर्वीं पाणी व अन्न पाहिजे, हें त्यांनीं पाहिलें, आणि गांवोगांव लहान मुलांसाठीं सामुदायिक स्वयंपाकघरें निघालीं. चुलीवर बाहेरचे पगारी लोक बसविले नाहींत. गांवकऱ्यांनींच शिजविलें व वाढलें. पुढें खेड्यांतल्या बाया, त्यांपैकीं पुष्कळ निरक्षर व दलित, आरोग्यसेविका म्हणून तयार झाल्या. त्यांनीं मुलें तोलण्यास आरंभ केला, आणि कोणतें मूल उतरतें आहे हें आपल्याच वस्तींत सांगूं लागल्या. १९७१ सालीं त्या गांवांत जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकीं १७६ बाळें वर्षाच्या आंत दगावत. शतक संपण्याच्या सुमारास तो आंकडा तिसांच्या आंत आला. आरोळे दांपत्यास १९७९ सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळालें. जेथें शेजारीण शेजारणीच्या मुलाचें वजन जाणते, तेथें मूल गुपचूप वाळत नाहीं, हा जामखेडचा धडा आहे.

६. मंडळीनें काय करावें

पहिलें: उपदेशकानें वस्तींतील पांच वर्षांखालील सर्व मुलांची यादी करावी, आपल्या मंडळीचीं व बाहेरचीं असा भेद करूं नये. प्रत्येक मूल महिन्यास एकदां अंगणवाडींत तोललें जातें कीं नाहीं, हें पाहावें.

दुसरें: सहा महिने ते पांच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर मोजण्याची पट्टी सेविकेजवळ असते, ती वापरण्यास शिकावें. घेर साडेबारा सेंटीमीटरांहून कमी भरला तर मूल अशक्त आहे. साडेअकराहून कमी भरला तर त्यास त्याच दिवशीं आरोग्य केंद्रांत न्यावें. दोन्हीं पायांवर सूज असली तर घेर कितीही भरो, थांबूं नये.

तिसरें: मुठीच्या धान्याचें दान आमच्या मंडळ्यांस परिचित आहे. तसाच डाळीचा एक डबा ठेवावा. एका घरानें दररोज २० ग्रॅम डाळ बाजूस काढिली तर महिन्यास ६०० ग्रॅम होते. वीस घरांची मिळून १२ किलो. ही डाळ वस्तींतील अशक्त मुलांच्या घरीं पोंचवावी, आणि कोणास दिली ह्याचा गाजावाजा करूं नये.

चवथें: ज्यांच्याजवळ कोंबड्या आहेत त्यांनीं आठवड्यास एक अंडें शाळेच्या नांवें द्यावें. पालक व गुरुजी यांच्याशीं बोलून हें करावें, म्हणजे तें सर्व मुलांस सारखें मिळेल.

पांचवें: मिरची अथवा कापूस तोडणीच्या हंगामांत दोनतीन आयांनीं पाळीपाळीनें घरीं राहून इतरांचीं लेंकरें सांभाळावीं व भरवावीं, ज्या कामावर जातात त्यांनीं आपल्या मजुरींतून थोडा भाग त्यांस द्यावा. आमच्या मतें ह्या पांचांत हेंच सर्वांत कठीण, आणि सर्वांत उपयोगी. कडेवरच्या त्या लेंकरास अन्नाइतकीच भरविणाऱ्या हाताची वाण आहे, आणि त्याच्या थोरल्या बहिणीस शाळेची.

बंधुभगिनींनो, पुढच्या हंगामांत मिरचीच्या गाड्या भरतील. त्या निघण्यापूर्वीं गांवांतल्या प्रत्येक लेंकराचा वाटा झांकून ठेविलेला असावा, एवढेंच आमचें मागणें आहे.

चर्चेसाठीं प्रश्न

१. काल तुमच्या घरच्या सर्वांत लहान मुलानें सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाल्लें? त्यांत डाळ, पालेभाजी, फळ व अंडें अथवा दूध कितीदां होतें?

२. तुमच्या घरीं प्रथम कोण जेवतें व शेवटीं कोण? हा क्रम कोण बदलूं शकेल?

३. तुमच्या शाळेंत किती मुलें जेवतात? त्यांच्यासाठीं दररोज किती डाळ शिजली पाहिजे, हा हिशेब करा.

४. वस्तींतील कोणत्या कुटुंबांस जमीन नाहीं? त्यांच्या दारीं शेवग्याची फांदी लावण्यास ह्या आठवड्यांत कोण जाईल?